न दुखणारा दात : दंतरोपण आणि वैद्याची जबाबदारी



प्रस्तुत लेखाचा प्रारंभ मी स्वतःच्या एका चुकीने करीत आहे. ज्यांच्याकडे मी शाळेत संस्कृताचे पहिले धडे गिरवले, ते आमचे गुरुजी एका वर्षा ऋतूत माझ्या चिकित्सालयात आले. वय ७१. प्रमेहाचा इतिहास बारा वर्षांचा, परंतु पथ्य उत्तम. तक्रार एकच होती : दात घासताना डावीकडील खालच्या दाढेभोवती रक्त दिसते. वेदना नाही, ठणका नाही, शीत-उष्ण स्पर्श सहन होतो. मुखपरीक्षणात त्या जागची हिरडी किंचित आरक्त व मृदू आढळली. अकस्मात रक्तस्राव आणि हिरडीची मृदुता पाहून मी शीताद असे निदान केले. इरिमेदादी तेलाचा कवल आणि आमच्याच औषधालयात तयार होणाऱ्या दंतमंजनाने दिवसातून दोन वेळा प्रतिसारण, असा उपक्रम सांगितला. ‘दुखत नाही ना सर, मग चिंता नको,’ हे वाक्यही मीच उच्चारले.

रक्त कमी झाले. गुरुजींचे समाधान झाले, माझेही झाले. आठ महिन्यांनी ते पुन्हा आले आणि म्हणाले, ‘‘अरे, तुझ्या मंजनाने रक्त थांबले, पण आता दाढच हलते आहे.’’

मी विचारले, ‘‘सर, ही दाढ तुमची स्वतःचीच आहे ना?’’

‘‘छे रे, ती चार वर्षांपूर्वी बसवलेली. स्क्रूची.’’

हा प्रश्न मी आठ महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता. क्ष-किरण चित्रात त्या स्क्रूभोवतीचे हाड बशीच्या आकारात झिजून गेलेले स्पष्ट दिसत होते. गावातील दंतशल्यचिकित्सक भगिनींना मी विचारले, ‘‘इतके हाड जाईपर्यंत वेदना कशी झाली नाही?’’ त्या म्हणाल्या, ‘‘वैद्यराज, दुखायला तिथे आहे काय?’’ त्या एका प्रश्नामुळे मी हा विषय मुळापासून अभ्यासला. त्यातील जे आपल्या नित्य व्यवहारास उपयुक्त वाटले, ते येथे मांडत आहे.

दात गेल्यावर काय घडते

दात हा अस्थिधातूशी निगडित आहे, हे आपणांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. सुश्रुताचार्यांनी अस्थींचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत दातांना रुचकास्थी असे स्वतंत्र स्थान दिले. चरकाचार्यांनी अस्थिगणनेत ३२ दात आणि त्यांची ३२ उलूखले, म्हणजे ज्यात दात रोवलेले असतात ती खोबणी, वेगळी मोजली. ही वेगळी मोजणी आजच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. कारण दात पडला किंवा काढला की त्याच्या उलूखलाचे हाड निष्प्रयोजन होते आणि झिजू लागते. दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्या ठिकाणच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटू शकते, आणि त्यातील बराच भाग पहिल्या तीन-चार महिन्यांतच जातो. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो आणि चर्वणाचा तोल बिघडतो. चर्वण बिघडले की अन्न नीट बारीक न होताच जठरात जाते, आणि मग अग्निमांद्याची तक्रार घेऊन तोच रुग्ण आपल्याकडे येतो.

रिकामी जागा भरण्याचे मार्ग तीन. काढता-घालता येणारी कवळी, शेजारच्या दातांवर आधारलेला स्थिर पूल अर्थात ब्रिज, आणि हाडात रोवलेले दंतरोपण अर्थात इम्प्लांट. कवळी स्वस्त आहे, परंतु तिचा दाब हिरडीवर येतो व खालचे हाड झिजतच राहते. पुलासाठी शेजारचे निरोगी दात घासावे लागतात. दंतरोपणात शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही आणि चावण्याचा भार थेट हाडावर जात असल्याने ते हाड बऱ्याच अंशी टिकते. योग्य रुग्ण निवडला आणि निगा राखली, तर दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांहून अधिक रोपणे कार्यक्षम राहतात. मात्र ‘योग्य रुग्ण’ आणि ‘निगा’ या दोन अटी पाळल्या गेल्या, तरच हा आकडा खरा ठरतो.

थोडा इतिहास

हाडात परका पदार्थ रोवण्याची कल्पना प्राचीन आहे. मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात १९३१ साली उत्खननात एक खालचा जबडा सापडला. सुमारे १४०० वर्षांपूर्वीच्या माया संस्कृतीतील त्या जबड्यात पुढील तीन दातांच्या जागी शिंपल्याचे दातांच्या आकाराचे तुकडे बसवलेले होते. १९७० च्या सुमारास त्याची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा शिंपल्यांभोवती हाड तयार झालेले दिसले. म्हणजे ते तुकडे जिवंत माणसाच्या मुखात बसवले गेले होते आणि तेथे रुजलेही होते.

आधुनिक दंतरोपणाचे जनकत्व स्वीडनचे डॉ. पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांच्याकडे जाते. १९५० च्या दशकाच्या आरंभी ते सशाच्या हाडातील सूक्ष्म रक्ताभिसरण पाहण्यासाठी टायटॅनियम धातूचे लहान उपकरण हाडात बसवीत होते. प्रयोग संपल्यावर ते उपकरण काढू गेले, तर निघेना. हाड धातूला इतके घट्ट बिलगले होते. या घटनेला पुढे त्यांनी ऑसिओइंटिग्रेशन असे नाव दिले. मराठीत आपण अस्थिसंलग्नता म्हणू. १९६५ साली गोस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी पहिली रोपणे केली. लार्सन २००६ मध्ये निवर्तले, तोवर चाळीस वर्षे ती रोपणे काम देत होती. १९८२ साली टोरोंटो येथील परिषदेनंतर या पद्धतीला जगभर मान्यता मिळाली. डॉ. ब्रोनमार्क २०१४ मध्ये दिवंगत झाले.

रसशास्त्राच्या अभ्यासकांना येथे एक बाब रोचक वाटेल. हाडाचा संबंध शुद्ध धातूशी येतच नाही. टायटॅनियम हवेच्या संपर्कात येताच त्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढतो आणि हाड त्या थराला बिलगते. परंतु म्हणून याला भस्म म्हणण्याचा मोह आपण टाळावा. हा थर देहात शोषला जाण्यासाठी नसून देहाने धातूला परके मानू नये यासाठी उपयोगी पडतो.

नैसर्गिक दात आणि रोपित दात यांतील भेद

या लेखाचा मुख्य मुद्दा येथे आहे. नैसर्गिक दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. दोहोंच्या मध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतुमय बंध असतो, त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. हा बंध तीन कामे करतो. चावताना दाताला किंचित लवू देतो. त्यातील संवेदनवाहिन्या दाब आणि वेदना कळवतात. भातातला खडा दाताखाली आला की आपण तत्क्षणी थांबतो, ते यामुळेच. आणि त्यातील रक्तवाहिन्या दंतमूलाच्या रक्षणाला धावून येतात.

रोपित दाताला हा बंध नाही. सामान्यतः चार मिलिमीटर व्यासाचा आणि दहा मिलिमीटर लांबीचा स्क्रू थेट हाडात असतो, त्यावर जोडभाग आणि जोडभागावर दाताच्या आकाराची टोपी. नैसर्गिक दात भाराखाली २५ ते १०० मायक्रॉन लवतो, रोपण जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन. दाताच्या गाभ्यातील मज्जा येथे नाही, त्यामुळे ठणका नाही, दंतहर्ष नाही, कृमिदंतही नाही. हिरडीचे तंतू नैसर्गिक दातात शिरून त्याला घट्ट धरतात. रोपणाभोवती ते केवळ समांतर उभे असतात. त्यामुळे एकदा जिवाणूंचा थर हिरडीखाली उतरला की हाडापर्यंतची वाट त्याला मोकळी असते.

या विकाराच्या दोन अवस्था आहेत. पहिल्या अवस्थेत केवळ हिरडीला शोथ असतो आणि स्पर्श करताच रक्त येते. हाड अबाधित असते. या वेळी रोपणाभोवतीचा थर साधनांनी स्वच्छ केला, तर विकार पूर्ण परतू शकतो. दुसऱ्या अवस्थेत हाड झिजू लागते, पू येतो आणि गेलेले हाड सहसा परत मिळत नाही. रोपणच हाडातून सुटून हलू लागले, तर ते काढण्यावाचून उपाय राहत नाही. कधी केवळ वरच्या टोपीचा स्क्रू सैल झाल्यानेही दात हलतो. त्याचा निर्णय दंतवैद्याने करावयाचा, आपण बोटाने हलवून पाहून नव्हे.

गुरुजी प्रथम आले, तेव्हा बहुधा पहिल्याच अवस्थेत होते. मी कषाय द्रव्यांनी रक्तस्राव थांबवला आणि विकाराने दिलेली एकमेव सूचना पुसून टाकली.

संहितांतील दृष्टी

संहितांत अशा रोपणाचा विधी वर्णिलेला नाही, आणि तो ओढूनताणून शोधण्याचे कारणही नाही. परंतु दोन संदर्भ या विषयात मार्गदर्शक ठरतात, आणि दोन्ही सुश्रुतसंहितेच्या भग्नचिकित्सेच्या अध्यायात आहेत. पहिला, आघाताने हललेल्या परंतु न तुटलेल्या दातांविषयी. तरुण माणसाचे असे दात दाबून जागी बसवावेत, शीत आलेप करावा, संधानीय द्रव्ये वापरावीत आणि कमळाच्या नाळेने दूध प्यायला द्यावे, असे आचार्य सांगतात. वृद्धाचे हललेले दात मात्र वर्ज्य मानतात. जे वाचवता येते ते आधी वाचवावे आणि वय पाहून निर्णय घ्यावा, हा विवेक दंतरोपणाच्या काळातही तितकाच लागू आहे. वाचू शकणारा स्वतःचा दात काढून तेथे रोपण करणे हा उत्तम पर्याय नव्हे, हे विवेकी दंतवैद्यही मान्य करतात.

दुसरा संदर्भ काळाचा. भग्न अस्थी पूर्व वयात एका महिन्यात, मध्यम वयात दोन महिन्यांत आणि उत्तर वयात तीन महिन्यांत स्थिर होते, असे तेथे म्हटले आहे. दंतरोपणातही हाड स्क्रूला पूर्ण बिलगण्यास रूढ पद्धतीनुसार खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने व वरच्या जबड्यात सहा महिन्यांपर्यंत अवधी धरला जातो. यात एक धोक्याचा टप्पा आहे. बसवताना स्क्रूची पकड केवळ यांत्रिक असते. पुढे जुने हाड शोषले जाते आणि नवे तयार होते. या अदलाबदलीत, दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास, स्थिरता सर्वांत कमी होते. नेमके याच वेळी सूज उतरलेली असते आणि रुग्ण निर्धास्त होऊन शेंगदाणे, कडक भाकरी, ऊस यांकडे वळतो. तेव्हा ‘बरे वाटते’ आणि ‘बरे झाले’ यांतील अंतर रुग्णाला समजावून सांगणे हे आपले काम आहे. मृदू, स्निग्ध, कोष्ण आहार आणि विरुद्ध बाजूने चर्वण, हे पथ्य आपल्या शब्दांत सांगितले तर रुग्ण अधिक मनापासून पाळतो.

रोपणापूर्वी वैद्याने पाहावयाच्या गोष्टी

रुग्ण सल्ला विचारण्यासाठी अनेकदा प्रथम आपल्याकडे येतो. अशा वेळी पुढील बाबी विचारून त्या दंतवैद्याला लेखी कळवाव्यात.

१. प्रमेह. अनियंत्रित मधुमेहात व्रणरोपण मंदावते व रोपण निकामी होण्याचा संभव वाढतो. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी करून घ्यावी. ती आठच्या वर असल्यास घाई करू नये.

२. तंबाखू. धूम्रपान हे रोपण अयशस्वी होण्याचे प्रमुख कारण आहे. आपल्याकडे तंबाखू चघळणे, गुटखा व मशेरी यांचा विचार अधिक करावा लागतो. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ साली आणि गुटख्याला महाराष्ट्र शासनाने २०१२ साली बंदी घातली, तरी सवयी सुटलेल्या नाहीत. घरी भाजलेली मशेरी लावणाऱ्या मातृवर्गाला हा प्रश्न आवर्जून विचारावा. सुपारीमुळे तोंड पुरेसे उघडत नसेल, तर रोपणाआधी त्या विकाराची तपासणी व्हायला हवी.

३. अस्थिसौषिर्याची औषधे. ॲलेन्ड्रोनेटसारख्या गोळ्या किंवा वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक ॲसिड घेतलेल्या रुग्णांत जबड्याच्या शस्त्रकर्मानंतर हाड निर्जीव होण्याचा धोका असतो. कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत ही औषधे घेतलेल्यांत तो अधिक. वर्षातून एकदाच घेतलेली सुई रुग्ण विसरतो, म्हणून नेमके विचारावे. जबड्यावर किरणोपचार झाले असल्यास तेही नोंदवावे.

४. रक्त पातळ करणारी औषधे. हृदयात स्टेंट असलेल्या रुग्णाची ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आपण होऊन बंद करू नये. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ व दंतवैद्य मिळून घेतील. मात्र आपण लसूण वा हरिद्रेच्या अर्काच्या कॅप्सूल अथवा गुग्गुळूचे कल्प मोठ्या मात्रेत देत असू, तर ते लपवू नये. शस्त्रकर्मापूर्वी काही दिवस ते थांबवणे श्रेयस्कर.

रोपणानंतरचे उपक्रम

शस्त्रकर्मात हाडाला छिद्र पाडताना सतत थंड लवणजलाची धार सोडतात, कारण ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट राहिले तरी हाडाच्या पेशींना इजा पोहोचते. इतक्या काळजीने केलेल्या कामावर आपल्या अवेळी उपक्रमाने पाणी पडू नये. पहिल्या २४ तासांत कोणताही कवल वा गंडूष नको. जमलेला रक्ताचा गोळा हाच तेथील पहिला व्रणबंध होय. त्यानंतर दंतवैद्याने सांगितलेल्या द्रावणाने हळुवार चुळा. टाके निघेपर्यंत तेल तोंडात घोळवणे टाळावे. त्यानंतर तिळतेलाचा गंडूष, म्हणजे न घोळवता केवळ धारण, घेण्यास हरकत नाही. परंतु त्याने घासणी टळत नाही.

प्रतिसारण हा मात्र रोपणाच्या जागी कायमचा वर्ज्य समजावा. मंजनातील गैरिक, सैंधव, कोळसा वा कवचांची जाडी-भरडी भुकटी जोडभागावर ओरखडे पाडते. त्या ओरखड्यांत जिवाणू अधिक रुजतात आणि भुकटीचे कण हिरडीच्या फटीत अडकून राहतात. मऊ कुंचल्याचा ब्रश, कमी खरखरीत पेस्ट आणि दातांमधील फटींसाठी प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या तारेचा बारीक ब्रश, ही रोपणाची नित्य साधने. दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडून तपासणी अनिवार्य.

अस्थिधातूच्या पोषणासाठी तिक्त द्रव्यांनी सिद्ध क्षीर-घृत आणि बस्ती यांचा उपदेश चरकाचार्यांनी केला आहे. रुग्णाची प्रकृती व अग्नी पाहून अस्थिपोषक चिकित्सा अवश्य द्यावी. परंतु ‘याने रोपण लवकर रुजते’ असे आश्वासन देऊ नये. जे आपण मोजून दाखवलेले नाही, त्याची हमी देणे शास्त्राला शोभत नाही.

आणखी एक स्पष्ट सांगावे लागेल. २०२० च्या नियमांनी शालाक्य तंत्राच्या पदव्युत्तर वैद्यांना दातांचे काही उपक्रम करण्यास मान्यता दिली असली, तरी दंतरोपण त्यांत नाही. आपले क्षेत्र रुग्णाची पूर्वतयारी, पथ्य आणि सावध निरीक्षण हे आहे, आणि तेही लहान नाही.

औषधालय चालकांस विनंती

‘हिरडीतून रक्त येते, एखादे मंजन द्या,’ असे म्हणणारा ग्राहक आपल्या दुकानात रोज येतो. त्याला मंजन देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : ‘तोंडात स्क्रूचा दात बसवलेला आहे का?’ उत्तर होकारार्थी असेल, तर मंजन न देता त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जाण्यास सांगावे. एका डबीची विक्री जाईल, परंतु त्या माणसाचे हाड वाचेल. मंजन-निर्मात्यांनी वेष्टनावर ‘कृत्रिम रोपित दातावर वापरू नये’ अशी एक ओळ छापली, तर ते उचित होईल. आमच्या औषधालयाने ती छापण्यास सुरुवात केली आहे.

समारोप

गुरुजींचे रोपण काढावे लागले. पुन्हा रोपणासाठी हाड भरण्याचे शस्त्रकर्म करावे लागले असते. या वयात ते नको म्हणून त्यांनी स्थिर पूल बसवून घेतला. चार वर्षांपूर्वी त्यांनी त्या एका दाढेसाठी निवृत्तिवेतनातून पै-पै साठवून पस्तीस हजार रुपये मोजले होते. मी त्यांची क्षमा मागितली. ते एवढेच म्हणाले, ‘‘चुकलास ते चुकलास. पण दुसऱ्याकडून पुन्हा असे होऊ नये, म्हणून लिहून ठेव.’’

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेत मी दर्शन केले, स्पर्शन केले आणि प्रश्न अर्धवट सोडला. आता माझ्या रुग्णपत्रिकेत मुखपरीक्षणाच्या रकान्यात एक ओळ वाढवली आहे : रोपित दात आहे वा नाही, असल्यास कोणता व कधी बसवला. आपणही ती वाढवावी, ही नम्र विनंती.